ऑलिव्हभाऊ

ऑलिव्हभाऊंना परदेशी वारं लागलंय, असं त्यांच्या गल्लीचं एकमत आहे आणि माझ्या मते ते सपशेल चुकीचं आहे. कॉफीत ऑलिव्हचं तेल घालून, बर्फ टाकून, वर बोटभर फेस आणून ती पिणारे आणि मुख्य म्हणजे इतरांना पाजणारे हे गृहस्थ आता वर्ध्याच्या रामनगरात आहेत, हिंगणघाटात आहेत, आर्वी-पुलगावातही आहेत. वय पंचेचाळीसच्या आगेमागे. नोकरी शाळेत, बँकेत किंवा जिल्हा परिषदेत, नाहीतर स्वतःचं कृषी केंद्र. पोरगी पुण्याला कंपनीत, म्हणून घरात लांब काचेचे ग्लास. गल्ली त्यांना नकली साहेब समजते. माझं म्हणणं असं, की असा माणूस निपजायला वर्ध्याइतकी योग्य जमीन दुसरी नाही. ते इथलंच पीक आहे, आणि त्यांचा खरा दोष तेलात नसून भलतीकडेच आहे.

आधी कृती पाहू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतून होतं, आणि चारच्या सुमारास भाऊ ओट्याशी उभे राहतात. वहिनींना त्याच वेळी शेजारी काहीतरी काम आठवतं. दोन चमचे इन्स्टंट कॉफी, तीन चमचे साखर, वर जेमतेम भिजेल इतकं पाणी. हे मिश्रण वाटीत घेऊन ते बदामी होईपर्यंत फेटायचं. इथपर्यंत सगळं ठीक आहे, कारण ही फेटलेली कॉफी मध्यमवर्गीय घरांत कधीपासूनची आहे. मग येतं मिक्सरचं भांडं. मोठं भांडं मोरीत पडलेलं, मधल्याचं झाकण सापडत नाही, म्हणून हाती लागतं ते चटणीचं. त्यात गोरस भांडारचं गाईचं दूध, बर्फाचे खडे, व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा आणि शेवटी तेल. तेल ओतताना बाटली अशी धरायची, की तिचं लेबल पाहुण्याकडे राहील. कॉफीला जो लसणाचा मंद वास येतो त्याचं श्रेय भाऊ ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ला देतात, आणि ज्याने ते तेल कधी चाखलेलं नाही त्याला ते पटतंही.

तेल आणि पाणी कधी मिसळतं का, असा टोला हाणणारे लोक स्वतः रोज दूध पितात, ही गंमत आहे. दूध म्हणजे तरी काय? पाण्यात पसरलेले स्निग्धाचे अतिसूक्ष्म कण. त्यांच्याभोवती पातळ आवरण असतं म्हणून ते चटकन एकमेकांत मिसळून गोळा होत नाहीत. गाईच्या दुधात असं स्निग्ध चार टक्क्यांच्या आसपास असतं. मिक्सरच्या पात्यांनी ऑलिव्हचं तेल तसंच बारीक फोडलं आणि दुधातल्या केसीनने त्या थेंबांना वेढलं, की काही वेळ तरी तेल दुधात सुखाने नांदतं. कॉफी दाट आणि मऊ लागते ती त्यामुळे. तेव्हा भाऊंचं शास्त्र पक्कं आहे, क्रम तेवढा कच्चा आहे. दूध आणि तेल आधी, बर्फाशिवाय, मिनिटभर फिरवायला हवं. कॉफी आणि बर्फ नंतर. थंडीने ऑलिव्हचं तेल गढूळ होतं आणि त्याच्या कण्या होतात. भाऊ तर बाटलीच फ्रीजमध्ये ठेवतात, तेल चमच्याने खरवडून काढतात आणि ‘गोठलं म्हणजे शुद्ध’ असं वर सांगतात. गोठण्यावरून शुद्धता ठरत नाही. पाहुण्याला ठसका लागतो तेव्हा मात्र भाऊंचं म्हणणं बरोबर असतं: ताज्या चांगल्या तेलात ओलिओकँथल नावाचं द्रव्य असतं, ते घशाशी चुरचुरतं, आणि जाणकार त्याला गुणच मानतात. ठसका आवरत कौतुक कसं करायचं, हे जाणकारांनी सांगितलेलं नाही.

‘ही सगळी अमेरिकेची थेरं’ म्हणणाऱ्यांनी जरा मागे जाऊन पाहावं. स्टारबक्स या अमेरिकन कंपनीने ऑलिव्ह तेलाची कॉफी फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीत, मिलानला प्रथम विकायला काढली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ सिसिलीला गेले होते, तिथली माणसं रोज चमचाभर तेल घेतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यातून हे सुचलं, असं कंपनी सांगते. मराठी घरांत ही युक्ती त्याच्या कितीतरी आधी सुचलेली होती. शाळेला सुट्टी लागली, की पोरांना ओळीने बसवून कोऱ्या चहातून किंवा कॉफीतून एरंडेल पाजायचे. त्या पेयाला लांब ग्लास नव्हता, वर फेस नव्हता आणि पिणाऱ्याचा अभिप्राय घ्यायची पद्धत नव्हती. अभिप्राय दुपारपर्यंत आपोआप मिळायचा. नव्या पेयाने पोट धावायला लागतं अशी कुरकुर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी केली, तेव्हा आपल्याकडच्या कुठल्याही आजीने त्यात बातमी काय म्हणून विचारलं असतं. आजीची हरकत निराळी आहे. तिच्या लेखी ऑलिव्हचं तेल म्हणजे पत्र्याच्या डब्यातून येणारं, बाळाच्या मालिशीचं तेल. नातवाच्या अंगाला चोळायची वस्तू त्याच्या बापाने प्यावी? ‘काय करून राहिला बाप्पा हा!’ यावर भाऊंकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. कॉफीच्या परकेपणाचं म्हणाल, तर ती शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर पिकते.

चवीच्या मुद्द्यावर तर वर्धेकरांनी बोलूच नये. इथे पोहे कोरडे खाल्ले जात नाहीत. त्यावर चण्याचा रस्सा येतो आणि रश्श्यावर तर्री. ‘तर्री मारके’ म्हटलं, की ठेलेवाला पळी पातेल्याच्या तळाशी नेत नाही, वरच्या वर फिरवून लालभडक तेल तेवढं अलगद उचलतो. त्या उचलण्यावरून ठेल्याची कीर्ती ठरते. पाटोडीच्या रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला नाही तर यजमानाने हात आखडला असं लोक समजतात. सकाळी तर्रीचे पोहे खाऊन आलेल्या माणसाने संध्याकाळी कॉफीतलं चमचाभर तेल पाहून नाक मुरडावं, यात न्याय दिसत नाही. त्याने फार तर असं म्हणावं, की तिखटाशिवाय तेल आम्हाला गिळवत नाही.

आता इथलं पीक म्हणण्याचं कारण. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्यातल्या बागेत, मगनवाडीत, त्याने ठाण मांडलं. १९३५ मध्ये गांधीजी तिथेच राहायला होते आणि स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली होती. सोयाबीन ही तेव्हा इकडे अपरिचित चीज. ती मगनवाडीच्या पंगतीत वाढून पाहण्यात आली आणि अनुभव ‘हरिजन’मधून वाचकांना कळवण्यात आला. पुढे सेवाग्रामला आलेल्या भल्याभल्या पाहुण्यांच्या ताटात कडुनिंबाच्या पाल्याची चटणी पडे. आणि ज्या सोयाबीनला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं, ते आज जिल्ह्याच्या शिवारात कपाशीच्या खांद्याला खांदा लावून उभं आहे. सांगायचं ते एवढंच, की स्वतःला पटलेला पदार्थ दुसऱ्याच्या पोटात घालून पाहणं ही वर्ध्याची नव्वद वर्षांची वहिवाट आहे. पुढची गोष्ट भाऊंच्या कानावर गेली तर पाहुण्यांची धडगत नाही, तरी सांगतो: १९१४ मध्ये लंडनला असताना गांधीजी भुईमूग, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षं आणि चक्क ऑलिव्हचं तेल यांवर राहत होते. आत्मकथेत त्यांनीच लिहून ठेवलंय. तब्येत बिघडली तेव्हा गोखल्यांनी हा आहार सोडा म्हणून आग्रह धरला आणि गांधीजींनी रात्रभर विचार करूनही दुधाला नकारच दिला. अर्थात याच गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना चहा, कॉफी आणि कोको या तिन्हींची शरीराला गरज नाही असं स्वच्छ म्हटलं. म्हणजे भाऊंच्या ग्लासातल्या तेलाला बापूंचा आधार आहे, कॉफीला नाही. भाऊ अर्धाच आधार सांगतील, हे ओघाने आलंच.

वंशपरंपरा सिद्ध झाली म्हणून सगळे गुण उतरले असं होत नाही. भाऊंचा हुकमी एक्का म्हणजे हृदय. ‘ऑलिव्ह हार्टला चांगलं असते जी, घेऊन तं पाहा.’ स्पेनमध्ये यावर खरोखर मोठा अभ्यास झालेला आहे. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, मांडणीत गफलती निघाल्या म्हणून मागे घेतला गेला आणि २०१८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा आला. निष्कर्ष बऱ्याच अंशी टिकला. पण त्यातली माणसं ऑलिव्हचं तेल भाज्या, कडधान्यं, फळं, मासे यांच्या जेवणात घेत होती. व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर नव्हे. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. घरातलं दुसरं तेल तेवढं कमी केलं तर हिशोब जमतो. भाऊंच्या घरी ऑलिव्ह आल्यापासून सोयाबीन तेलाचं पाकीट एका दिवसानेही उशिरा फुटलेलं नाही. सकाळची तर्री कायम, दुपारच्या वांग्याच्या भाजीवरचा तवंग कायम, वर हा ग्लास. हृदयाने यातून नेमका कोणता बोध घ्यावा?

पण हाही मूळ दोष नव्हे; हिशोब चुकतो तो कुणाचाही चुकतो. मूळ दोष असा, की भाऊंचा प्रयोग संपत नाही. गांधीजींनी १९२९ मध्ये सोबत्यांना घेऊन कच्च्या अन्नाचा प्रयोग मांडला, पोट बिघडलं तेव्हा तो थांबवला, आणि थांबवल्याचं छापून टाकलं. त्या अमेरिकन कंपनीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली तेलाची कॉफी अमेरिकेतल्या दुकानांतून काढून घेतली. महात्मा आणि भांडवलदार ही दोन टोकं ज्या एका गोष्टीवर एकत्र येतात, तीच भाऊंना मान्य नाही. त्यांची निष्कर्ष काढायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पाहुणा पहिला घोट घेतो, भाऊ त्याच्या तोंडाकडे एकटक बघत ‘मस्त झाली न?’ विचारतात, आणि पाहुणा ‘मस्तच!’ म्हणतो. आमच्या विदर्भात दुसऱ्याच्या घरी बसून ‘बेकार झाली’ म्हणायची रीत नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणायची आहे, पण तिथे भाऊ नसतात. त्यामुळे पुरावा सगळा अनुकूल गोळा होतो आणि उलट पुरावा फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून निघून जातो. गल्लीने भाऊंना हसण्यापेक्षा एकदा तोंडावर खरं सांगितलं असतं, तर ही कॉफी पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडली असती. या अर्थाने भाऊंना घडवलंय ते गल्लीच्या सौजन्याने.

एक हरकत मला रास्त वाटते: एवढं तेलाचं वेड आहे, तर ते समुद्रापलीकडून का आणायचं? ही घाणीची भूमी आहे. मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाणीवर वर्षानुवर्षं मेहनत करून तिच्यात सुधारणा केल्या आणि ‘वर्धा घाणी’ या नावाने ती देशभर गेली. विदर्भाच्या फोडणीत पूर्वी जवसाचं तेल असायचं, आणि त्यातल्या ज्या स्निग्धाम्लाचं आज कौतुक चालतं ते त्या तेलात निम्म्याच्या आसपास असतं. पण इथे मी भाऊंच्या बाजूचा आहे. जवसाचं तेल लवकर खवट होतं, त्याचा दर्प थंड कॉफीत लपत नाही, आणि कृती एका चमच्यात कायमची मिटते. तसं झालं तर चांगलंच, असं वहिनींचं मत पडेल. घाणीचं शेंगदाणा तेल मात्र वाईट लागायचं कारण नाही. भाजल्या दाण्याचा वास कॉफीशी जुळतो, आणि पैसे कितीतरी कमी पडतात. भाऊ ते करणार नाहीत. घाणीचं तेल स्टीलच्या बरणीतून येतं, तिला लेबल नसतं, मग पाहुण्याकडे वळवायचं काय?

पाहुणे या वादात पडत नाहीत, ते सुटकेची वाट शोधतात. ‘आज चतुर्थी आहे’ ही जुनी, खात्रीची वाट होती. भाऊंनी ती बुजवली: ऑलिव्ह हे फळ, फळाचं तेल उपवासाला चालतं, दूध चालतं, कॉफी तर चालतेच. ‘शुगर निघाली जी’ म्हटलं तर बिनसाखरेचा ग्लास फ्रीजमध्ये तयारच असतो. शेवटी एखादा घड्याळाकडे बघत उठतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून चपला शोधू लागतो. तोवर भाऊंनी प्लॅस्टिकच्या बाटलीला नरसाळं लावलेलं असतं. ‘थांबा न जी, भरूनच देतो. सेवाग्राम स्टेशनपर्यंत फेस टिकते.’