पळून आलेल्या शिलेदाराची गोष्ट

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या मुखपृष्ठावरचा घोडा कायम मागच्या दोन पायांवर उभा असतो. त्याचे पुढचे पाय जमिनीला टेकलेले मी तरी पाहिलेले नाहीत. वर बसलेल्या वीराच्या मिशीला पीळ, तलवारीच्या पात्यावर तिरपा प्रकाश, मागे केशरी आभाळ आणि त्या आभाळात लेखकाचं नाव. आत उघडावं तर पहिल्या दहा पानांतच कुणीतरी शपथ घेतं. हरिभाऊ आपट्यांपासून विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’पर्यंत आपण या शपथांवरच वाढलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पालथं पडून वाचलं, दुपारच्या चहाची हाक ऐकली नाही, शेवटच्या प्रकरणात उशी भिजवली. तक्रार काहीच नाही. फक्त वय सरत गेलं तसं एक कुतूहल मनात घर करून बसलं. त्या केशरी आभाळाखाली, चित्राच्या चौकटीच्या जरा बाहेर, ज्याला ती शपथ ऐकूच आली नाही असा एखादा गडी नसेल का? किंवा ऐकू आली असेल, पण नेमका तेव्हाच तो घोड्याच्या पोटाखाली वाकून तंग आवळायचं निमित्त करत असेल?

असा माणूस आपल्या साहित्यात नाही असं नव्हे, पण तो इतिहासात नाही. चिं. वि. जोशींनी चिमणरावाला संसाराच्या नाना गोंधळांत लोटलं, पानिपतावर मात्र पाठवलं नाही. इंग्रजांनी आपला चिमणराव बेधडक रणांगणावर सोडला. जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझर नावाच्या लेखकाने १९६९ साली फ्लॅशमन नावाचा एक सेनाधिकारी उभा केला. भित्रा, लबाड, बाईलवेडा. १८४२च्या काबूलच्या माघारीतून हा मनुष्य निव्वळ नशिबाने वाचतो आणि लोक त्याला वीर म्हणून खांद्यावर घेतात. म्हातारपणी तो हे सगळं खरं खरं लिहून ठेवतो, अशी त्या कादंबरीची बतावणी. ती इतकी साधली, की काही अमेरिकी समीक्षकांना ते खरोखरीचं आत्मचरित्र वाटलं. पुढे १९७५च्या कादंबरीत हे महाशय सत्तावन्नच्या धामधुमीत थेट झाशीला पोचतात. मराठी माणसाने ती वाचताना मन जरा घट्ट करावं. प्रागच्या यारोस्लाव हाशेकचा श्वेइक त्याहून गोड. तो पळत नाही, फक्त प्रत्येक हुकूम इतक्या मनोभावे पाळतो की हुकूम देणाऱ्याचीच शुद्ध हरपते.

असा नायक मराठीत आणायचा, तर तो शिलेदार कुठला असावा, हे ठरवायला मला नकाशा फार शोधावा लागत नाही. तो बारामती आणि इंदापूरच्या मधला. त्याचं कारण नीरा नदी. बारामतीच्या पश्चिमेला नीरेच्या काठी होळ हे गाव. मल्हारराव होळकर तिथले, आडनाव त्या गावाचंच. नीरा तशीच पूर्वेला उतरत जाते, वाटेत कऱ्हेला पोटात घेते, आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते. त्या संगमावर लक्ष्मीनृसिंहाचं भक्कम देवालय आहे. ते विंचूरकरांचं कुलदैवत, आणि देवालयाच्या दगडात त्यांचा पैसा आहे. आता गंमत पाहा. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सूर्य कलला, तेव्हा रणातून बाहेर पडून जिवंत परतलेल्या मोठ्या सरदारांत मल्हारराव होते आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकरही होते. ते का निघाले, कुणाच्या सांगण्यावरून निघाले, बायकामाणसांना सोडवायला निघाले की काय, यावर अडीचशे वर्षं वाद चालू आहे आणि तो चालू राहावा. त्यावर कितीतरी इतिहासकारांची घरं चालली. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं, की एकाच नदीच्या दोन्ही अंगांना परत आलेल्या माणसांची नावं आहेत. अशा नदीचं पाणी प्यालेला माणूस परतीची वाट विसरेल कसा?

शिवाय तो शिलेदार आहे, बारगीर नव्हे. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याचा सगळा भित्रेपणा तिथे बांधलेला आहे. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे. घोडा मेला तर दुसरा येई. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. घोडा पडला की शिलेदारी पडली, नोकरी गेली, आणि घोडा कर्जाने घेतलेला असला, तर कर्ज तेवढं जिवंत राहिलं. पगार तुंबलेला. तो मिळावा म्हणून सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचं ही त्या काळातली राजरोस रीत. अशा माणसाला समोरून तोफा धडाडताना दिसल्या, तर त्याच्या मनात आधी धर्म येईल, स्वामिनिष्ठा येईल, की दोन घास कमी खाऊन जोडलेली ती तांबडी घोडी येईल? आमचा शिलेदार भित्रा नाहीच असं मी म्हणत नाही. पण त्याच्या भीतीला हिशेब आहे, आणि तिला बचावाचं शास्त्रही आहे. ज्या सैन्याने गनिमी काव्यावर राज्य उभं केलं, त्या सैन्यात पळण्याला नाव ठेवणार कोण? पळून मागे वळला तो गनिमी कावा, वळायचा राहिला ते पलायन. आमचा नायक आयुष्यभर एवढंच म्हणतो, की मी वळणारच होतो, जागा पाहत होतो.

बारामतीत त्याच वेळी एक गृहस्थ घरबसल्या फार मोठं युद्ध लढत होते. मोरोपंत. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मले, बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४पर्यंत कऱ्हेकाठी आर्या रचत राहिले. अठरा अक्षौहिणी सैन्य त्यांनी आर्येत बसवलं, एकही हत्ती बाहेर राहू दिला नाही. एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात, त्यांत एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात यायचं नाही. म्हणजे प नाही, ब नाही, म नाही; आणि म नाही म्हटल्यावर रामायणात खुद्द राम म्हणायची सोय नाही. पंतांनी ते करून दाखवलं. मला या गोष्टीने फार धीर येतो. रामाचं नाव न घेता रामायण होत असेल, तर शौर्याचं नाव न घेता ऐतिहासिक कादंबरी का होऊ नये?

आणि भित्रा योद्धा पंतांना परका नव्हताच. विराटपर्व त्यांनी सोडलं नाही, आणि विराटपर्वात उत्तर आहे. अंतःपुरात बायकांसमोर बसून कौरवांना कसं लोळवीन याच्या बाता मारणारा, केवळ सारथी नाही म्हणून अडून बसलेला राजपुत्र. सारथी मिळतो, बृहन्नडा. रथ निघतो. कौरवांचा सागर समोर दिसतो आणि राजपुत्र रथातून उडी टाकून धूम ठोकतो. त्याच्या मागे वेणी उडवत, वस्त्रं सावरत बृहन्नडा धावते, आणि समोरच्या सैन्यात हसू फुटतं. महाभारताच्या दळदार रणवाद्यांत हे एक हसू कुणीतरी जपून ठेवलं आहे. बहिणीने भावाकडे मागितलं काय, तर भावल्यांसाठी कौरवांची रंगीत वस्त्रं! आपण उत्तराला हसून मोकळे होतो. पण पुढे कुरुक्षेत्रावर हाच उत्तर पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून पडतो, आणि पळता पडत नाही, लढता पडतो. त्या दिवशी त्याला ओढून परत आणायला बृहन्नडा नव्हती, की त्यालाच आता पळायची लाज वाटत होती, हे मला ठाऊक नाही. मला तो पळाला तेव्हाच जास्त आवडतो.

माझ्या नायकाने पंतांच्या तोंडून उत्तराची कथा ऐकली असावी असं मी मनाशी धरलं आहे. नाईकांच्या वाड्यात पुराण चाललंय, तो मागे खांबाला टेकून बसलाय, सगळे हसतात तेव्हा तोही हसतो, पण जरा उशिरा. बाकीचे पुढच्या आर्येवर गेले तरी याचं लक्ष रथातून उडी टाकणाऱ्या त्या दोन पायांवरच.

इंदापूरकडे पाहिलं की मात्र माझा हात थबकतो. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापुरात लढताना पडले. त्या गावात पळपुट्याची गोष्ट सांगायची म्हणजे देवळात शिंकण्यासारखं. आपल्याकडे पडलेल्यासाठी दगड आहे. वीरगळ पाहिला असेल तुम्ही, मारुतीच्या देवळामागे नाहीतर वेशीजवळच्या चिंचेखाली कलता उभा असतो. खालच्या चौकटीत हाणामारी. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बगलांना धरून वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेंड्याला चंद्रसूर्य. पोरं त्यावर बसून चिंचा खातात. पण जो परत आला, ज्याने नांगर धरला, चार मुलं वाढवली, खोकत खोकत म्हातारा झाला, त्याचा दगड कुणी कोरला नाही. त्याच्या चौकटी काय असत्या? खाली पळणारा माणूस, मध्ये दार उघडणारी बायको, वर भाकरी. आणि वंश पाहायला गेलं तर आपण बहुतेक सगळे या दुसऱ्याच माणसाचे. पहिला बिचारा एकविसाव्या वर्षी अप्सरांबरोबर निघून गेलेला.

पानिपताचा निरोप दक्षिणेकडे आला तो सांकेतिक भाषेत, नाण्यांच्या हिशेबात. मोती गळाले म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, त्यांची गिनती होती. खुर्द्याची गिनती नव्हती. आमचा शिलेदार त्या खुर्द्यातला. गिनतीच नसल्यामुळे तो हरवला की उरला, हे पेशव्यांना कधी कळलंच नाही, आणि त्याने आपण होऊन कळवलं नाही. मोहरांपैकी एकाने मात्र लिहून ठेवलं. नाना फडणीस तेव्हा एकोणीसही पुरे नव्हते. आई हरवली, विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले, आणि ते पायी, लपतछपत निसटले. पुढे ज्यांच्या शहाणपणावर अर्धं हिंदुस्थान हललं, त्यांनी आपल्या आत्मवृत्तात हे पळणं लपवलेलं नाही. मराठी फ्लॅशमनचं पहिलं प्रकरण असं आधीच तयार आहे, फक्त त्यात विनोद नाही. आई हरवलेल्या पोराच्या गोष्टीत तो कुठून येणार?

अडचण एकच, नायकाला आडनाव काय द्यायचं. बारामती-इंदापुरात कुठलंही आडनाव लावा, आठवड्याच्या आत त्या आडनावाची मंडळी फेटे बांधून दारात. पोवार लावता येत नाही, काळे लावता येत नाही, घोरपड्यांचं तर नावच काढू नये. म्हणून मी घोडीला नाव देऊन टाकलं आहे, तांबडी, आणि त्याला नुसतं तांबडीवाला. ती भीमथडीची. भीमेच्या थडीची ही बुटकी, काटक, खाण्याला कमी आणि चालीला चिवट जनावरं मराठ्यांच्या फौजांनी उत्तरेपर्यंत नेली. हल्ली त्यांना स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे. ती अजून दिसतात. भिगवणच्या पुढे, उसाच्या कडेने, धनगरांची खिल्लारं निघाली की मेंढरांमागून एखादी येते. पाठीवर उलटी बाज, बाजेच्या पायांना लटकलेली पातेली, पातेल्यांच्या मधोमध डालग्यात कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर मूल. चारही पाय जमिनीवर, कान मागे. मागून ट्रॅक्टर केवढ्याने हॉर्न वाजवतो, ती अर्धं पाऊल बाजूला होते, तेवढंच.

तांबडीवाला परततो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, एकटा, पायी. दारात आई. तिने ओरडावं, रडावं, असं त्याने वाटभर योजून ठेवलेलं; त्यावर काय बोलायचं तेही ठरवलेलं. ती म्हणते, “आलास? पाय धू आधी.” एवढ्यावर त्याची सगळी भाषणं फुकट जातात.

दुसऱ्या दिवशी नाईकांच्या पेढीवरचा कारकून येतो. हे होणारच. ज्या बाबूजी नाईकांनी थोरल्या बाजीरावांचं कर्ज पुढे करून त्यांच्या मुलाच्या पेशवाईला १७४० साली अडसर घालायला कमी केलं नाही, त्यांची पेढी तांबडीचे पैसे सोडेल काय? अब्दालीच्या हातून निसटता येतं. कारकून ओसरीवर बसतो, पाणी पितो, वही उघडतो.

“घोडी?”

“रणात पडली, पंत. छातीवर गोळा घेतला तिने.”

“साक्षीदार?”

इथे तांबडीवाल्याची जन्मभराची हुशारी अडते. शेवटपर्यंत पाहायला जे थांबले ते परत आले नाहीत. जे परत आले त्यांना विचारावं, तर ते सांगतात आम्ही दुसरीकडे होतो. कारकून लेखणी दौतीत बुडवतो, काढतो, पुन्हा बुडवतो. मग वहीकडेच पाहत विचारतो, “आमचा बाळकृष्ण होता विंचूरकरांच्या पथकात. दिसला होता का कुठं?”

तांबडीवाल्याने बाळकृष्णाला पाहिलेलं नाही. त्याने त्या दिवशी तांबडीच्या मानेखेरीज काही पाहिलेलं नाही. पण खोटं बोलण्याची एवढ्या वर्षांची कसलेली विद्या काय नुसती स्वतःपुरतीच? तो ताठ बसतो आणि सांगू लागतो. बाळकृष्णाने भाला कसा धरला होता, कुणाला कसं अडवलं, पागोटं पडलं तरी कसा मागे हटला नाही. घसा दाटेपर्यंत सांगतो. आत आईच्या हातचं जातं थांबतं.

कारकून उपरण्याने डोळे पुसतो. व्याज सोडतो. मुद्दल दोन सुगींत फेडायचं ठरतं.