उधारी, ऊर्जा आणि ६४ स्लाइड

(स्थळ: एका कंपनीचे बैठकीचे दालन. पात्रे दोन. प्रशिक्षक, म्हणजे पडद्यावरील स्लाइडच्या आधारे श्रोत्यांपुढे केले जाणारे निवेदन, अर्थात सादरीकरण, जिवंत कसे करावे हे मानधन घेऊन शिकविणारे गृहस्थ. आणि वित्ताधिकारी, म्हणजे ६४ स्लाइड तयार करून त्या अथपासून इतिपर्यंत वाचून दाखविण्याचा निर्धार केलेले गृहस्थ.)

प्रशिक्षक: आरंभी श्रोत्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, प्रतिसाद क्षीण आल्यास तो पुन्हा मोठ्याने वदवून घ्यावा आणि सर्वांना उभे करून टाळ्या वाजवायला लावाव्यात, कारण शरीर हलले की मनही हलते.

वित्ताधिकारी: विषय उधारीचा, म्हणजे माल देऊनही ग्राहकांकडून न आलेल्या पैशांचा असल्यामुळे, टाळ्या नेमक्या कोणत्या आकड्याला वाजवायच्या याचा खुलासा व्हावा.

प्रशिक्षक: आकडे गौण आहेत. संवादाचा केवळ ७ टक्के भाग शब्दांत, ३८ टक्के आवाजात आणि ५५ टक्के चेहऱ्यात असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सिद्ध केले आहे.

वित्ताधिकारी: तसे असल्यास बुडीत उधारीची तरतूद भुवया उंचावून सांगता येईल आणि लेखापरीक्षकांकडे ताळेबंदाऐवजी छायाचित्र धाडता येईल. वस्तुतः १९६७ मधील ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाची छटा आणि चेहऱ्यांची छायाचित्रे यांपुरते होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड हे ऐकणारा कशावरून ठरवितो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हे आकडे सर्व संवादाला लागू नाहीत, असे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे.

प्रशिक्षक: (घसा साफ करून) तरीही ६४ स्लाइड अति होतात. उद्योजक व लेखक गाय कावासाकी यांच्या नियमानुसार १० स्लाइड, २० मिनिटे आणि किमान ३० पॉइंटांचा टंक पुरेसा असतो. तर २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या पेचाकुचा पद्धतीत २० स्लाइड प्रत्येकी २० सेकंद दिसून ६ मिनिटे ४० सेकंदांत आपोआप संपतात. वास्तुरचनाकारांना एकदा बोलू दिले की आवरत नाही, म्हणून दोन वास्तुरचनाकारांनीच ती काढली.

वित्ताधिकारी: वित्त विभागात असा आत्मघात अद्याप कोणी केलेला नाही.

प्रशिक्षक: श्रोते विक्री विभागाचे आहेत. त्यांना झळ लागेल अशी स्लाइड कोणती?

वित्ताधिकारी: ४७वी. ९० दिवसांहून जुनी उधारी असलेल्या ग्राहकांच्या विक्रीवर यापुढे कमिशन मिळणार नाही, असा प्रस्ताव तीत आहे; तिथपर्यंत कोणी जागे राहत नसल्यामुळे त्यावर अद्याप आक्षेप आलेला नाही.

प्रशिक्षक: ती पहिली ठेवावी आणि अपवाद कोणाचा करावा, हे श्रोत्यांनाच विचारावे.

वित्ताधिकारी: गदारोळ होईल.

प्रशिक्षक: त्यालाच या शास्त्रात सहभाग म्हणतात, म्हणजे आपले काहीतरी पणाला लागले आहे हे ओळखून श्रोत्याने न सांगता बोलू लागणे. वक्त्याने व्यासपीठावर कितीही येरझारा घातल्या, तरी ज्याचे काहीच अडलेले नाही तो श्रोता घड्याळच पाहतो.

वित्ताधिकारी: उर्वरित स्लाइडही पाहाव्यात. ४८वी घसाऱ्याची, म्हणजे वापरामुळे यंत्रांच्या मूल्यात दरवर्षी धरल्या जाणाऱ्या घटीची. (प्रशिक्षक मोबाइल पाहू लागतात.) ४९वी विमा हप्त्यांची. (प्रशिक्षक जांभई दाबतात.) ५०वीत, बाहेरील प्रशिक्षकांची बिले पुढील तिमाहीपर्यंत रोखून धरावीत, अशी शिफारस आहे.

प्रशिक्षक: (ताडकन उठून) ती स्लाइड पुन्हा दाखवावी! शिफारस कोणाची, कारण कोणते, आणि निर्णय कोण घेणार?

वित्ताधिकारी: सहभागाची व्याख्या सप्रमाण सिद्ध झाली. निर्णय सभेत मतदानाने व्हावा, म्हणजे विक्री विभागालाही बोलता येईल. ४७वी स्लाइड पहिली ठेवण्याची सूचना कोणाची होती, हे त्यांना मतदानापूर्वी अवश्य कळविले जाईल.