उलट्या पायांची हडळ

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या घरात पहाटे मुलांना उटणं लावून लख्ख केलं आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या तोंडाला काळं फासलं. पुण्याहून आलेल्या आईने दोन्ही विधी निमूट पाहिले. "सकाळी नरकासुर मारायचा आणि दिवेलागणीला भुतं घरी बोलवायची. चालू द्या," एवढंच म्हणाली.

तिचा खरा राग भुतांवर नव्हताच, भोपळ्यावर होता. आयरिश लोक मायदेशी हॅलोविनला सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला, तो मोठा आणि कोरायला सोपा, हा इतिहास मी ऐकवत होतो तेव्हा ती गर पातेल्यात भरत होती. घारगे करणार होती. पण कोरायचा भोपळा निव्वळ दिसण्यासाठी वाढवलेला, आत पाणी आणि दोरे. पीठ काही केल्या मळलं जाईना. "रूप आहे, गुण नाही," असा निकाल देऊन तिने बिया भाजल्या. त्या मात्र झकास झाल्या.

लेकीसाठी दुकानात चेटकिणीचा तयार पोशाख होता, टोकदार टोपी आणि झाडूसकट. पण आजीने तिला आधीच हडळीची गोष्ट सांगून ठेवली होती. मग काय! मोकळे केस, आजीची जुनी इरकल चार पदरी दुमडून नेसवलेली, आणि पाय उलटे. केस आणि साडी जमली, पाय अडले. शेवटी पुठ्ठ्याचे चवडे कापून टाचांना मागून चिकटवले आणि पुढचे खरे बूट निऱ्यांखाली दडवले. धाकट्याला कचऱ्याचा ट्रक व्हायचं होतं. खोकी घरात मुबलक होती, अ‍ॅमेझॉनच्या कृपेने.

एरवी या दिवसांत इथे भुताखेतांना वरून जाड जॅकेट घालावं लागतं आणि सगळी मेहनत चेनच्या आत जाते. त्या वर्षी मात्र उन्हाळ्यासारखं उकडत होतं. काळा रंग हनुवटीवरून इरकलीवर ओघळू लागला.

या सणाचा नियम एकच: पोर्चवरचा दिवा चालू असेल त्या घरी खाऊ मागायला जायचं, बंद असेल तिथे नाही. वर्षभर गाडीच्या काचेतून हात हलवणारे शेजारी त्या संध्याकाळी दार उघडून उभे असतात. ट्रकला पायऱ्या चढता येईनात, म्हणून लोकच खाली उतरून त्याच्या मागच्या झडपेत चॉकलेटं टाकू लागले. कोपऱ्यावरच्या आजोबांनी हडळीला विचारलं, "तू कुठली राजकन्या?" तिने निऱ्या उचलून टाचा दाखवल्या आणि आपण विहिरीपाशी राहतो, रात्री माणसांना हाका मारतो, हे अस्खलित इंग्रजीत सांगितलं. आजोबा एक पायरी मागे सरले. अख्ख्या गल्लीत त्या रात्री खरोखर दचकलेला हा एकच माणूस. बाकी सगळी भुतं थँक्यू म्हणत होती.

इकडे आई आमच्या दारात बसली होती. तिला बेसनाचे लाडू वाटायचे होते. घरचं, उघडं काही इथे कोणी घेत नाही, बंद वेष्टणच लागतं, आणि दाण्यांची अ‍ॅलर्जी असते म्हणून काही जण दाराशी निळसर हिरवा भोपळा ठेवून खाऊऐवजी पेन्सिली वाटतात, हे ऐकून ती म्हणाली, "लाडू नाही, दाणे नाहीत, पोरं खातात तरी काय?" आणि एकेकाच्या पिशवीत चॉकलेटांची मूठ रिकामी करू लागली. गल्लीचा रिवाज एकाला एक. बातमी वाऱ्यासारखी पसरली. त्यात पणत्या आणि आकाशकंदिलामुळे आमचंच घर सगळ्यांत सजलेलं. सोंग न घेता, नुसती उशीची खोळ घेऊन आलेले हायस्कूलचे मुलगेही आले. "मिसरूड फुटलेली भुतं," असं पुटपुटत आईने त्यांनाही भरभरून दिलं. साडेसातला परात रिकामी. पोर्चचा दिवा मालवावा लागला. पणत्या मात्र दिवाळीच्या, त्या कोण विझवणार? त्या बघून घंटा वाजतच राहिली.

रात्री मुलांनी जमिनीवर माल ओतून वाटाघाटी केल्या. एका रीसेसला दोन किटकॅट असा भाव फुटला. आईने कँडी कॉर्नचा दाणा चाखला आणि मेणबत्ती खाल्ल्यासारखा चेहरा केला. मुलं झोपल्यावर आम्ही दोघांनी त्या ढिगातून आमचा कर वसूल केला, तो सगळेच आईबाप करतात.

तुम्ही अमेरिकेत नवे असाल तर एक लक्षात ठेवा. भुतांसाठीचा खाऊ आधी पूर्ण भावाने घ्यावाच लागतो, पण १ नोव्हेंबरला सकाळी तोच दुकानात निम्म्या किमतीला लागतो. स्वतःसाठी घ्यायचा तो तेव्हा घ्या. आणि कँडी कॉर्न फुकट मिळाली तरी घेऊ नका.