चार अंगुळं

मराठी माणसाचं चाक कुठेही अडलं की त्याला मेकॅनिकच्या आधी कर्ण आठवतो. शिवाजी सावंतांनी 1967 साली ‘मृत्युंजय’ लिहून ही सोय करून ठेवली आहे. त्यात मी राहतो ग्रेटर नोएडात, आणि दिल्लीहून कुरुक्षेत्र साधारण 160 किलोमीटर. तेव्हा मे महिन्यातल्या एका रविवारी भाच्याच्या स्पोर्ट्‌स कारचं मागचं डावं चाक बसलेलं दिसलं आणि मी बोलून गेलो, “कर्णाचंही डावंच होतं.”

“मामा, तुम्ही जरा सावलीत बसा,” भाचा म्हणाला.

गाडी लाल, दोघांपुरती आणि अतिशय बुटकी. तिच्यात बसणं म्हणजे पंगतीला पाटावर बसणं. जेवण झाल्यावर कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. बरं, तिच्यात स्टेपनी नाही. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाक विकायला काढलं. विलायतेत तो शब्द मागे पडला, आपल्याकडे खेड्यातल्या जीपवाल्याच्याही तोंडी राहिला. या गाडीवाल्यांनी मात्र वजन वाचवायला स्टेपनीच काढून टाकली आणि त्याऐवजी चिकाची बाटली व हवेचा छोटा पंप दिला. खिळा असता तर चिकाने भागलं असतं. इथे टायरची कूस फाटली होती. म्हणजे चाक काढून दुकानात न्यायचं आणि तोवर गाडी तीन चाकांवर.

भाच्याकडे बुटक्या गाड्यांसाठीचा बुटका ट्रॉली जॅक होता. पण टायर बसल्याने गाडी आणखी खाली आलेली, जॅकचं तोंडही आत जाईना. शेवटी ते चाक हळूच एका फळीवर चढवलं. गाडी उचलायला जॅक आणि जॅक घालायला गाडी उचललेली, असा तो मामला होता. हँडब्रेक मागच्या चाकांवर, आणि त्यातलंच एक हवेत जाणार. म्हणून उजव्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. असली गाडी इतकी ताठ असते की मागचा कोपरा उचलला की त्याच अंगाचं पुढचं चाकही टाच उचलतं. मग भाच्याने चाक जमिनीवर असतानाच नट पाव-पाव फेरा सैल केले. मी आयुष्यभर गाडी आधी उचलून मग पान्याला झोंबत आलो आहे. तेव्हा चाक फिरायचं, गाडी डुलायची आणि मी नटाला शिव्या द्यायचो.

जॅक कुठेही लावायचा नसतो. दाराखालच्या कडेला त्यासाठी बळकट केलेली जागा असते. दोन बोटं चुकली तर गाडीऐवजी नुसता पत्रा वर जातो. भाचा गाल जमिनीला टेकवून ती जागा शोधत होता. सापडली. दांडा मारला, पुन्हा मारला. गाडी जागची हलेना. जॅकची चाकंच पेव्हर ब्लॉकसकट खाली चालली होती.

मग मात्र मी सावलीतून उठलो. महाभारतात कर्ण रथाचं चाक दोन्ही हातांनी उपसतो, तेव्हा चाक सुटत नाही. सात द्वीपं, डोंगर, अरण्यं यांसकट सगळी पृथ्वीच चार अंगुळं वर येते. लहानपणी मला हा पराक्रम वाटायचा. आता वाटतं, बिचाऱ्याला खालची जमीन जागेवर धरून ठेवणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे पृथ्वी वर येण्याऐवजी खाली चालली होती, एवढाच फरक.

मी घरातून पुण्याहून आणलेला सागवानी पाट काढला. बायकोने नुसतं पाहिलं. भाच्याने पाट उलटा करून मला दाखवला. खाली दोन पट्ट्या, मध्ये पोकळ. भार आला की तिथेच मोडणार. गेटवरचा गार्ड म्हणाला, “बाऊजी, ईंट लगा दें?” पण वीट सांगून फुटत नाही. मग त्यानेच आपल्या केबिनमागून जाड प्लायवूडचा तुकडा आणला, आणि गाडी वर आली.

इथून जवळच बुद्ध सर्किट आहे. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा फेटेल जिंकला. तिथे चाकं बदलायची तर पुढे एक माणूस, मागे एक, दांड्यावर भार टाकला की गाडी हवेत. चाकाला एकच नट. तीन-चार सेकंदांत चारही चाकं नवी. आम्हाला एका चाकाला पाऊण तास लागला. पण त्यांच्या गाडीखाली पृथ्वी जागेवर होती.

जॅकच्या शेजारी भाच्याने स्टँड लावला आणि गाडी हळूच त्यावर टेकवली. जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो, आतला सील थकला की तो न विचारता खाली बसतो. म्हणून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक निघालं. खाली मोकळी झालेली जागा मी बोटांनी मोजून पाहिली. चार अंगुळांहून बरीच जास्त होती, पण हे मी भाच्याला सांगितलं नाही.

गार्डने आपली प्लास्टिकची खुर्ची लाल गाडीशेजारी ओढून घेतली. भाचा प्लायवूडपाशी थांबला, आणि मी चाक घेऊन ई-रिक्षात बसलो. चाक समोरच्या सीटवर, मी अलीकडे. ड्रायव्हरने आरशातून आम्हा दोघांकडे पाहिलं.

“दो सवारी हैं, बाऊजी.”