पायथ्याचे गृहस्थ

दृष्टिभय, म्हणजे उघडी दरी दिसली की वाटणारी भीती, असलेला ट्रेकर सह्याद्रीत बारमाही आढळतो. दहा-बारा जणांच्या कुठल्याही गटात असा एक तरी असतोच, आणि त्याची तयारी इतरांपेक्षा कांकणभर सरसच असते. बूट चांगल्या ग्रिपचे, सॅकला पावसाळी कव्हर, प्रथमोपचाराची पेटी, इलेक्ट्रॉलची पाकिटे. गडाचा नकाशाही त्यानेच छापून आणलेला असतो. नकाशावर जिथे ‘कातळटप्पा’ लिहिलेले असते, तिथून पुढचा गड मात्र त्याने पुस्तकातच पाहिलेला असतो.

त्याला आळशी समजण्याचे कारण नाही. रायगडावर 1996 पासून रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर पोचतो. हा गृहस्थ हजारावर पायऱ्या घाम गाळत चढतो, कारण पायऱ्या जमिनीला धरून असतात आणि पाळणा तारेला. कळसूबाई, म्हणजे 1646 मीटर उंचीचे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर, त्याने केलेले असते. तिथल्या लोखंडी शिड्यांना कठडे आहेत. हरिहर गड त्याहून कितीतरी बुटका, पण तिथे त्याचे पाय लटपटतात. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी त्याचे काहीच वाकडे नसते. पायाशेजारी दरी उघडी पडली की बिनसते. हरिश्चंद्रगडाला तो पाचनईच्या सोप्या वाटेने दर वर्षी जाईल, नळीच्या वाटेचे नाव काढले की त्याच्या घरी त्याच रविवारी सत्यनारायण निघतो.

या भीतीचे मूळ काळजात शोधण्यापेक्षा तोल सांभाळण्यात शोधावे. उभ्या माणसाचे शरीर सतत किंचित डोलत असते. हा तोल अंतर्कर्ण, डोळे आणि पायांचे स्नायू व सांधे मिळून सांभाळतात. त्यात डोळ्यांचे काम जवळच्या वस्तूंवर चालते: समोरचे झाड किंचित सरकले की आपण हललो हे कळते. कड्यावर समोर काहीच नसते आणि जे असते ते चारशे मीटर खाली. डोळ्यांची साक्ष कच्ची पडते, डोलणे वाढते आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. ही घंटा थोडीफार सगळ्यांनाच ऐकू येते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रांगत्या बाळांना जाड काचेवर सोडले होते. काचेच्या अर्ध्या भागाखाली खोलगट दिसत होते. पलीकडून आई बोलावत असतानाही बहुतेक बाळांनी त्या भागावर जायला नकार दिला. प्रत्यक्ष आईची ही गत, तर पलीकडून ट्रेक लीडर बोलावतो तेव्हा काय होणार हे उघड आहे.

नकार देण्याची कला मात्र उपजत नसते, ती अनुभवाने येते. नवखा माणूस गुडघ्याचे नाव सांगतो. हे फार काळ चालत नाही, कारण संध्याकाळी जेवणाच्या वासाने तोच गुडघा उतारावर धावताना सगळे पाहतात. थोडा मुरलेला म्हणतो, “तुम्ही व्हा पुढे, इथून तुमचे फोटो भारी येतील,” आणि खरोखरच भारी काढतो. पूर्ण मुरलेला इतिहासाचा आधार घेतो. हरिहरच्या पायथ्याशी उभा राहून तो सांगू लागतो, की 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातले गड घेतले तेव्हा बऱ्याच गडांच्या वाटा उद्ध्वस्त केल्या, पण इथल्या पायऱ्या वाचल्या. त्या कातळात कशा कोरल्या, हाताला खोबणी का ठेवल्या, दरवाजा मुद्दाम आड का घेतला. ऐकणाऱ्यांचे भान हरपते आणि सांगणारा चढला की नाही हे कोणी विचारत नाही. ज्याला गडाची भीती जास्त त्याचे वाचन जास्त, असा ढोबळ नियम बांधायला हरकत नाही.

आग्रहापुढे मान तुकवून तो एखाद्या वेळी पायऱ्यांना हात घालतोच. हरिहरचा जिना 80 अंशांच्या आसपास उभा आणि एका माणसाच्या रुंदीचा. पाचव्या पायरीपर्यंत सगळे ठीक असते. सहाव्या पायरीवर तो दोन्ही हातांची बोटे खोबणीत रुतवतो आणि नाक कातळाला टेकवतो. त्या क्षणी त्याला दगडावरचे शेवाळ, त्यातली मुंगी, कोणीतरी कोरलेला बदाम एवढेच जग दिसते. मागे रांग वाढत जाते, वरून उतरणारे खोळंबतात. तेवढ्यात पाड्यावरची एखादी मावशी डोक्यावर सरबताचा कॅन घेऊन, पायात साधी चप्पल, “दादा, जरा बाजूला व्हा की,” म्हणत कडेने वर जाते. बाजूला व्हायला जागा कुठे आहे, हा त्याचा प्रश्न शास्त्रशुद्ध असतो. मावशी तोवर दरवाजात पोचलेली असते.

या गृहस्थाचा जन्मजात विरोधक म्हणजे ‘काही होत नाही’वाला. हा प्रत्येक कड्यावर एकाच पायावर उभा राहून फोटो काढतो आणि पावसात ओला कातळ कोरडा असल्यासारखा वागतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणकार माणसे पोटावर झोपून, डोके तेवढे पुढे काढून खाली बघतात. विरोधक तिथे पाय सोडून बसतो. गृहस्थ वीस पावले मागे, झुडपाला धरून, दुसऱ्याने काढलेला व्हिडिओ बघतो. दरीतून वर उसळणारा वारा त्याला तिथेही लागतो आणि तो तेवढ्यावर समाधानी असतो.

गटाला त्याचा उपयोग किती, हे तो नसताना कळते. दहा सॅका, गाडीच्या किल्ल्या, चष्मे आणि एखादीचे मंगळसूत्र सांभाळत तो खाली बसतो. गावातल्या काकूंना भाकऱ्यांचा नेमका आकडा, पिठल्यात तिखट कमी आणि ‘चार वाजता येतील, पण तुम्ही पाचला चूल पेटवा’ हा निरोप तोच देतो. वर कोणाचा पाय मुरगळला तर दोर घेऊन जाणारी गावची पोरे त्यानेच जमवलेली असतात.

त्याला सुधारण्याचे गटाचे उपाय दोन: चिडवणे आणि मागून ढकलणे. दोन्हींनी भीती वाढतेच. तज्ज्ञ ज्या रीतीने ही भीती घालवतात ती रटाळ आहे: आधी कठड्याजवळ, मग अर्धा मजला वर, मन शांत होईपर्यंत तिथेच थांबायचे, मग आणखी थोडे. जर्मन कवी गटे याने तरुणपणी स्ट्रासबुर्गच्या चर्चच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून आपली भीती घालवली, असे त्याने स्वतः नोंदवले आहे. त्याच्या मागे रांग नव्हती, ही त्याची मोठीच सोय.

म्हणून ट्रेक नेणाऱ्या मंडळींना एक विनंती. फॉर्मात रक्तगट विचारता, शाकाहारी की मांसाहारी विचारता. त्याखाली ‘दृष्टिभय आहे का?’ हा रकानाही घाला. आलेले उत्तर गाडी सुटण्यापूर्वी वाचा. आणि ‘हो’ लिहिणाऱ्याकडून वर्गणी थोडी कमी घ्या, त्याला दिवसभर सॅका राखायच्या आहेत.