ऑगस्ट सोडा, उत्तर गाठा

स्पेनचा समुद्र फुकट आहे, आणि तो कुणाच्या मेहेरबानीने नाही. 1978 च्या राज्यघटनेने तिथले किनारे सार्वजनिक ठरवले आणि 1988 च्या किनारा कायद्याने ते आणखी पक्कं केलं. हॉटेल कितीही बडं असो, समोरची वाळू त्याच्या मालकीची होत नाही. आरामखुर्ची आणि छत्री भाड्याने मिळते, ती घ्यायची की नाही हे आपण ठरवायचं. टॉवेल अंथरून दिवसभर पडून राहायला कुणी पैसे मागत नाही.

मग ‘स्पेन आपल्याला परवडणारं नाही’ असं आपल्याकडे इतक्या ठामपणे का म्हणतात? कारण समुद्राच्या नावावर आपण भलतेच खर्च मांडतो. खिसा रिकामा करतात त्या तीन गोष्टी: चुकीचा महिना, गाजलेलं नाव आणि घाई. तिन्ही टाळता येतात.

महिन्यापासून सुरुवात करू. ऑगस्टमध्ये खुद्द स्पॅनिश कुटुंबं सुट्टीवर निघतात, त्यात उरलेल्या युरोपची भर पडते आणि खोल्यांचे दर कळसाला जातात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शाळा उघडल्या की किनारे मोकळे होतात आणि दर उतरतात. पाणी मात्र उबदारच राहतं, कारण समुद्र हवेच्या मानाने फार सावकाश थंड होतो. उत्तर किनाऱ्यावर तेव्हा पाणी 20 अंशांच्या आसपास असतं. आपण मुलांच्या सुट्टीपायी मे महिन्यात जातो, तेव्हा तेच पाणी 15 अंशांच्या घरात असतं. लाखभर रुपये खर्चून घोटाभर पाण्यात फोटो काढायचे आणि परतायचं, याला सहल म्हणू नये.

आता नाव. 2011 च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ने कोस्टा ब्रावा आपल्या घराघरांत पोचवला. भूमध्य समुद्रावरचा हा किनारा देखणा आहे, डुंबायला उत्तम आहे. पण सर्फबोर्डवर उभं राहायचं असेल, तर उन्हाळ्यातला भूमध्य समुद्र कामाचा नाही. तो चहूबाजूंनी वेढलेला, वाऱ्याला धाव घ्यायला लांब पल्ला नाही, त्यामुळे जुलैत कित्येक दिवस लाटच नसते. दमदार लाट अटलांटिकमधल्या वादळांतून येते आणि स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क प्रांतापासून गॅलिसियापर्यंत, येऊन फुटते.

नुसतं डुंबायचं असेल तर भूमध्यच घ्या, पण टॅक्सी घेऊ नका. मालागाची सी-1 लोकल विमानतळावरून थेट तोर्रेमोलिनोस आणि फुएनखिरोलाच्या किनाऱ्यांपर्यंत जाते. बार्सिलोनातून उत्तरेकडे निघणारी आर-1 लोकल कितीतरी अंतर वाळूला खेटून धावते. शहरातल्या गर्दीच्या बार्सेलोनेता किनाऱ्याऐवजी पुढच्या एखाद्या गावात उतरा. तोच समुद्र, निम्मी गर्दी.

सर्फिंगसाठी पहिलं नाव सोमो. सांतांदेर शहराच्या धक्क्यावरून छोटी लाँच सुटते आणि खाडी ओलांडून पलीकडे नेते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. बाजाराच्या पिशव्या, दप्तरं आणि सर्फबोर्ड एकाच लाँचमध्ये असतात, आणि तिकीट काही युरोंचं. शहरात राहून रोज सकाळी पलीकडे जाता येतं. 1991 पासून चालणारी, देशातली पहिली म्हणून ओळखली जाणारी सर्फ शाळा याच गावात आहे.

तिथला पहिला वर्ग वाळूवरच सुरू होतो. बोर्डावर पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं, छाती उचलायची, एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे. हे अंगात भिनलं की कमरेइतक्या पाण्यात, आधीच फुटून फेस झालेल्या लाटेवर. बोर्ड मऊ फोमचा आणि चांगला लांब-रुंद असतो, त्यामुळे आपटला तरी इजा कमी. बोर्ड आणि वेटसूट धरून दोनेक तासांच्या गटवर्गाला साधारण 30 ते 40 युरो पडतात. चार-पाच दिवसांचे वर्ग एकदम घेतले की दर खाली येतो, आणि शिकायलाही तेवढे दिवस लागतातच. एका तासाचा ‘अनुभव’ विकत घेऊ नका. त्यात फक्त बोर्डासोबतचा फोटो मिळतो.

दुसरं नाव सारौत्स. बास्क किनाऱ्यावरची अडीच किलोमीटरची सलग वाळू, नवशिक्यांना पुरेशी ऐसपैस. गावालगतच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून कॅम्पिंगची जागा आहे. सान सेबास्तियनहून एउस्कोत्रेनची गाडी अर्ध्या-पाऊण तासात इथे आणते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सान सेबास्तियनला चित्रपट महोत्सव असतो आणि तिथल्या खोल्या महागतात, तेव्हा मुक्काम सारौत्सलाच ठेवा.

याच बास्क किनाऱ्यावरच्या मुंदाकाची लाट जगप्रसिद्ध आहे. ती काठावरून पाहा, उतरू नका, कारण ती जाणकारांची आहे. खाडीच्या मुखाशी साठलेल्या वाळूवर ती उभी राहते. 2003 च्या सुमारास तिथल्या जहाज कारखान्यासाठी खाडी उपसली, वाळूची ठेवण बिघडली आणि लाटच नाहीशी झाली. 2005 ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे वाळू पुन्हा बसली तेव्हा लाट परतली. कुठलाही पर्यटन विभाग ती मागवून देऊ शकला नसता.

उत्तर किनारा हिरवा आहे तो पावसामुळे. विंडचीटर न्या. बोर्ड मात्र मुंबईहून किंवा पुण्याहून नेऊ नका. स्वस्त विमान कंपन्या तिकिटात वाचवलेले पैसे सामानात वसूल करतात. पाठीवरची एक पिशवी, बाकी सगळं किनाऱ्यावर भाड्याने.

जेवण दुपारी घ्या. कामाच्या दिवशी बहुतेक साध्या खानावळी ‘मेनू देल दिआ’ देतात, फळ्यावर खडूने लिहिलेला. एक पहिली ताटली, एक दुसरी, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, साधारण 12 ते 16 युरोंत. वेळ दीड ते साडेतीन. कचेरीतली, बांधकामावरची माणसं शेजारच्या टेबलांवर जेवत असतात आणि स्वयंपाक त्यांच्यासाठी झालेला असतो. रात्री सात वाजता भुकेने कावरेबावरे होऊन फोटोवाल्या मेनूकार्डाच्या हॉटेलात शिरलात की दुप्पट पैसे देऊन गरम केलेलं शिळं खाल. शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय काही मागवू नये. सॅलडमध्ये न सांगता ट्यूना पडतो आणि मसुराच्या रश्शात सॉसेजचे तुकडे निघतात. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, कुठेही मिळतं आणि पोट भरतं.

सप्टेंबरमध्ये मुलांची शाळा असते, हे मान्य. मग दिवाळीची सुट्टी कॅनरी बेटांना द्या. ती स्पेनचीच, व्हिसा तोच. नोव्हेंबरातही तिथला समुद्र 22 अंशांच्या आसपास असतो. लास पाल्मास शहरात लास कान्तेरास नावाचा तीनेक किलोमीटरचा किनारा आहे. समोरची नैसर्गिक खडकांची रांग लाटा अडवते, त्यामुळे एका टोकाला पाणी शांत. दुसऱ्या, ला सिसेरच्या टोकाला खडक नाही, तिथे लाटा आणि सर्फ शाळा. आजी-आजोबा एका टोकाला, नातवंडं दुसऱ्या टोकाला. शहराच्या बसने सगळीकडे जाता येतं, गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही.

आता घाई. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आहे. त्यावर किमान 30,000 युरोंचं विमा संरक्षण आणि विमानाचं भाडं. चार दिवस जा नाहीतर चौदा, हा खर्च टळत नाही. आठ दिवसांत चार शहरं कोंबणारी सहल म्हणूनच सगळ्यात महाग. रोज नवं हॉटेल, रोज नवा प्रवास, आणि समुद्राच्या वाट्याला एक संध्याकाळ. त्याच पैशांत एका गावात दहा दिवस राहता येतं, स्वयंपाकघर वापरता येतं, आठवड्याचा सौदा होतो.

राहण्याच्या बाबतीत मात्र स्वस्ताईला मर्यादा हवी. 2024 मध्ये स्पेनमध्ये जवळपास 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले, देशाच्या लोकसंख्येच्या दुपटीजवळ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. किनाऱ्यावरच्या नर्स, शिक्षक, वेटर यांना घर परवडेना, कारण घरं पर्यटकांना रात्रीच्या भावाने जाऊ लागली. बार्सिलोनाने तर 2028 च्या अखेरीपर्यंत असे पर्यटक-फ्लॅट बंद करायचं ठरवलं आहे. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन दिल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या घराला नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. क्रमांक दिसला नाही तर ते घर घेऊ नका, दहा युरो वाचत असले तरी. होस्टेलं आहेत, कुटुंबांनी चालवलेली छोटी अतिथिगृहं, म्हणजे ‘पेन्सिओन’, आहेत, कॅम्पिंगच्या अधिकृत जागा आहेत. वाळूवर तंबू ठोकायला मात्र कायद्याने बंदी आहे. किनारा सगळ्यांचा आहे, म्हणूनच तिथे कुणी संसार मांडायचा नाही. आपली सहल दुसऱ्याच्या घरभाड्यावर पोसली जाऊ नये, एवढं आपण पाळू शकतो.

शेवटचा सल्ला पाण्याचा. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचं नाही. आत खेचणाऱ्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा. लाट फुटण्याच्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची, हा सर्फिंगचा पहिला नियम. उन्हाळा संपला की बऱ्याच किनाऱ्यांवरचे जीवरक्षक निघून जातात, म्हणून सप्टेंबरनंतर एकटे उतरू नका.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. येणारा सप्टेंबर हवा असेल तर मार्चमध्येच कागद जमवायला घ्या. आणि त्याच महिन्यात जवळच्या जलतरण तलावावर नाव नोंदवून पोहायला शिका. सगळ्या तयारीत हाच खर्च सर्वांत कमी, आणि नेमका हाच आपण टाळतो.