टोळीवर नवी फवारणी

अमरावतीजवळच्या वलगावच्या ठाण्यात उद्या एखादी टोळी हात वर करून शरण आली, तर ठाणेदारापुढे पहिला पेच पडेल तो कायदा निवडण्याचा. १९५१ च्या महाराष्ट्र पोलिस कायद्याचं कलम ५५ म्हणतं, टोळी पांगवा, दोन वर्षांपर्यंत तडीपार करा. म्हणजे अमरावतीची ब्याद अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला, आणि अकोल्यानेही तसंच मनावर घेतलं तर तिकडची इकडे. १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा कायदा, म्हणतो, खटला राहू द्या, वर्षभर आत ठेवा. १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत देतो आणि जामिनाचं दार जवळजवळ लावून घेतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं १११ आणि ११२ आली; पहिलं संघटित गुन्हेगारीचं, दुसरं किरकोळ संघटित गुन्हेगारीचं, म्हणजे टोळीने खिसा कापला किंवा प्रश्नपत्रिका विकली तरी सोय आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मोक्कात अमली पदार्थही घालून घेतले. एवढं ताट वाढलेलं असताना भरचौकात चाकू निघाला की सभागृहातली पहिली मागणी मात्र ठरलेली: कडक कायदा आणा!

वऱ्हाडातल्या कास्तकाराला हा प्रकार नवा नाही. कपाशीचं बीटी बियाणं २००२ साली आलं, २००६ साली त्याहून जोरकस आलं, आणि गुलाबी बोंडअळी दोन्ही पचवून २०१७ साली पऱ्हाटीवर ठाण मांडून बसली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. औषध कडक होतं, ते अंगावर येणार नाही याची काळजी घेणारं कोणी नव्हतं. कायद्याचा फवाराही असाच वारा पाहत नाही. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात २००३ साली मोक्काखाली अटक झाली ती थेट मुंबईच्या नुकत्याच निवृत्त झालेल्या पोलिस आयुक्तांना. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मेले. खटला मोक्काखाली चालला, पोलिस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानण्याची त्याची खास सवलत वापरली गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब नाकारून बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल दाखला म्हणून वापरायला तिथे स्थगिती मिळाली. एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या घरच्यांच्या हाती मात्र पुन्हा तारीखच आली.

यावर कोणी म्हणेल, मोक्का आला आणि मुंबईतल्या टोळ्यांचा जोर ओसरला, हे विसरता काय? विसरत नाही. पण मोक्का नीट वाचा. तो लावायचा तर गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक दोषारोपपत्रं दाखल असावी लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. कलम १११ चीही रचना तशीच. म्हणजे सर्वांत कडक कायद्याचा पायाही गल्लीतल्या मारामारीच्या साध्या तपासातच आहे. त्या तपासातला पंचनामाच ठरलेल्या पंचांच्या सह्यांवर उरकला असेल, तर वरच्या मजल्याला कितीही लोखंड घाला, उपयोग काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टोळीपुढे साक्षीदार उभाच राहत नाही, मग वेगळे अधिकार नकोत का? साक्षीदार घाबरतो हे खरं; पण त्याच्या भीतीवर औषध साक्षीदाराला संरक्षण हे आहे. आरोपीचा कबुलीजबाब घेऊन साक्षीदाराची भीती जात नाही. आणि साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदाही महाराष्ट्राकडे आहेच! कायद्यांच्या बाबतीत आपलं कपाट कधीच रिकामं नसतं.

नवा कायदा लोकप्रिय होतो याचं कारण साधं आहे: तो स्वस्त पडतो. विधेयकाला कागद लागतो. तपासाला माणूस, गाडी आणि प्रयोगशाळा लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं, आणि त्याच वाक्यात राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची सवड दिली. गुन्हेगाराने तेवढं थांबायला हरकत नाही. गुंड मात्र शिक्षा किती मोठी हे मोजत बसत नाही. ती होणार की नाही, एवढंच तो पाहतो. म्हणून पुढच्या वेळी एखादे आमदार साहेब कडक कायद्याची घोषणा करतील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण एक प्रश्न तेवढा विचारा: वलगावच्या ठाण्यातल्या एका तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर आज किती फायली आहेत?